गळ, डोह आणि मगर : नदीकाठच्या हौशी मासेमारांसाठी काही अनुभवाच्या गोष्टी

ऊस तुटून गेला, खोडव्याला पहिले पाणी मिळाले आणि हाताला थोडी सवड झाली, की कृष्णाकाठच्या गावांतील अनेकांची पावले गळाची काठी घेऊन नदीकडे वळतात. जाळे टाकून पोट भरणाऱ्या मच्छीमार बंधूंचा हा उद्योग नव्हे. हा शेतकऱ्याचा विरंगुळा आहे. पाण्यावर नजर लावून घटकाभर स्वस्थ बसावे, मरळ किंवा वाम गळाला लागली तर घरी कालवणाची सोय व्हावी, न लागली तरी चार जणांच्या संगतीत दिवसाचा शीण उतरावा, एवढाच त्याचा हेतू असतो. वर्षभर ज्याने मातीशी आणि बाजारभावाशी झुंज घेतली, त्याला एवढी करमणूक लाभलीच पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तथापि या करमणुकीत आपल्याबरोबर आणखी एक मासेमार सहभागी असतो. तो गळ टाकीत नाही, बोलत नाही आणि बहुधा दिसतही नाही. औदुंबर, भिलवडी, आमणापूर, ब्रह्मनाळ, कसबे डिग्रज या परिसरातील कृष्णेच्या पात्रात मगरींची वस्ती आहे, हे तेथील आबालवृद्धांस ठाऊक आहे. गेल्या काही वर्षांत सांगली जिल्ह्याच्या नदीकाठी मगरींनी माणसांवर हल्ले केल्याच्या आणि त्यांत प्राणहानी झाल्याच्या दुःखद घटना घडल्या आहेत. अशा घटनांचा पुढे शांतपणे विचार केला असता, थोडी सावधगिरी बाळगली असती तर अनर्थ टळला असता, असे पुष्कळदा आढळून येते. म्हणून नदीवर जाणाऱ्या शेतकरी बंधूंनी आणि त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयाची नीट माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

एक प्रसंग

ही माहिती मी पुस्तकातूनच मिळविली असती, तर ती इतक्या आग्रहाने सांगावी असे मला कदाचित वाटले नसते. तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात नदीकाठच्या एका गावी खोडव्यातील पाचट न जाळता सरीतच कुजविण्याचे प्रात्यक्षिक होते. काम आटोपता आटोपता दिवस कलला. ज्यांच्या शेतात प्रात्यक्षिक झाले, ते वयोवृद्ध शेतकरी मला म्हणाले, "साहेब, आता लगेच कुठं निघालासा? चला, घटकाभर गळ टाकू." मलाही विद्यार्थिदशेपासून या गोष्टीची आवड. आम्ही उंबराच्या झाडाखाली बसलो. तासाभरात तीन चिलाप्या आणि एक मध्यम आकाराचा रोहू हाती लागला. मासे ताजे राहावेत म्हणून मी ते दोरीत ओवले, दोरीचे टोक एका खुंटीला बांधले आणि खुंटी पाण्याच्या कडेला रोवून मासे पाण्यात सोडून दिले.

थोड्या वेळाने माझा गळ पाण्याखालच्या एका मुळात अडकला. पाणी गुडघाभरच होते. मी विजार वर दुमडली आणि पाण्याकडे निघालो. तोच तात्यांनी माझे मनगट धरले.

"साहेब, गळ तोडा."

"तात्या, आत्ता सोडवून आणतो. गुडघाभर तर पाणी आहे."

"गळ तुटला तर वीस रुपयं गेलं. पाण्यात उतरू नगासा. मगाधरनं त्या पल्याडच्या वाळूवर एक पडली हुती, ती आता दिसंना."

मी मनातून थोडा खट्टू झालो, परंतु वडीलधाऱ्या माणसाचा शब्द मोडणे प्रशस्त वाटले नाही. दोरा तोडला आणि मागे येऊन बसलो. पुरता पाव तासही झाला नसेल. काठावर रोवलेली खुंटी एकाएकी आडवी झाली, पाण्यावर एक मोठी वलये उठली आणि मासे, दोरी, खुंटी सारेच नाहीसे झाले. मोठा आवाज झाला नाही, पाणीही फारसे उसळले नाही. मी जेथे पाय टाकणार होतो, ती जागा खुंटीपासून जेमतेम चार हातांवर होती.

त्या संध्याकाळी माझ्या हातून किती चुका झाल्या, याचा हिशेब मी घरी येताना करीत होतो. पाण्याच्या अगदी कडेला बसलो ही पहिली. रक्ताचा वास सुटणारे मासे पायाजवळच पाण्यात बांधले ही दुसरी. दिवस मावळत असतानाही बसून राहिलो ही तिसरी. समोरची मगर दिसेनाशी झाली, याकडे लक्ष दिले नाही ही चौथी. वीस रुपयांच्या गळासाठी पाण्यात उतरायला निघालो ही पाचवी. शेतीचे पदवीधर असूनही नदीकाठच्या एका निरक्षर वृद्धाला जे कळत होते ते मला कळत नव्हते, हे येथे मोकळेपणाने नमूद करतो. कारण याच पाच चुका आपल्यापैकी अनेकजण रोज करीत असतात.

आपल्या नदीतील मगर

भारतात मगरीच्या कुळातील तीन जाती आढळतात. लांब, निमुळत्या तोंडाची आणि मुख्यतः मासे खाणारी घडियाल चंबळेसारख्या उत्तरेकडील नद्यांत असते. खाऱ्या पाण्यातील प्रचंड मगर ओडिशातील भितरकनिका, सुंदरबन आणि अंदमान बेटे येथे आढळते. आपल्याकडे नद्या, तलाव आणि धरणांचे जलाशय यांत राहणारी ती तिसरी, म्हणजे गोड्या पाण्यातील रुंद तोंडाची मगर होय. पूर्ण वाढलेली मादी साधारणपणे २ ते २.५ मीटर लांब असते. नर ३ ते ३.५ मीटरपर्यंत वाढतो आणि क्वचित त्याहूनही मोठा होतो. ही जात कृष्णेत आहे, तशीच चिपळूणजवळच्या वाशिष्ठीत आहे आणि गोव्यातील कुंभारजुवे कालव्याच्या खारफुटीतही आहे. बडोदे शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत तर भर वस्तीला लागून मगरी राहतात.

मगर थंड रक्ताचा प्राणी आहे. तिच्या शरीराची ऊब उन्हावर आणि पाण्यावर अवलंबून असते. म्हणून थंडीच्या दिवसांत ती सकाळपासून वाळूवर ऊन खात निश्चल पडलेली दिसते. पुष्कळदा ती तोंड उघडे ठेवून पडते. ती चिडली आहे किंवा आळसावली आहे असा त्याचा अर्थ नव्हे, शरीराची उष्णता कमीअधिक करण्याची ती एक रीत आहे. उन्हाळ्यात ऊन तापू लागले की ती पाण्यात किंवा काठाला खणलेल्या बिळात जाते. अंगातील ऊब टिकविण्यासाठी तिला अन्न जाळावे लागत नसल्याने फार थोड्या खाद्यावर ती दीर्घकाळ राहू शकते. 'एवढा वेळ काही हालचाल नाही, तेव्हा येथे मगर नसावी' हा तर्क त्यामुळेच फसवा ठरतो. वाट पाहण्यात कोणताही गळकरी तिची बरोबरी करू शकणार नाही.

मगर शिकार कशी करते

मगरीचे डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूस एका पातळीत असतात. त्यामुळे सगळे शरीर पाण्याखाली ठेवून ती पाहू, ऐकू आणि श्वास घेऊ शकते. तिच्या जबड्यांवर बारीक ठिपक्यांसारखी संवेदनाक्षम इंद्रिये असतात. पाण्यातील अगदी लहानशी थरथरही त्यांच्या योगे तिला कळते. पाण्यात कपडे आपटणे, भांडे बुचकळणे, पाय हलविणे, गळाला लागलेल्या माशाने धडपडणे, या सर्व गोष्टी म्हणजे तिला दिलेली वर्दीच होय.

ती पाठलाग करून शिकार करीत नाही. दबा धरून जवळ येते आणि शेवटच्या दोन-चार हातांच्या अंतरात शेपटीच्या जोराने झेप घेते. जबडा मिटण्याचे तिचे स्नायू अत्यंत बळकट असतात. एकदा पकड बसली, की भक्ष्याला खोल पाण्यात ओढून नेण्याचा तिचा प्रयत्न असतो. मगरीच्या धोक्याचा पट्टा म्हणजे पाणी आणि काठ यांच्या सांध्याची अरुंद जागा. आपण गळ टाकण्यासाठी नेमकी तीच जागा पसंत करतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मगरीला सवयी कळतात. एकाच ठिकाणी, एकाच वेळी, रोज कोणी येत असेल तर ती ते हेरते. आपण मासळीची आतडी, खवले आणि उरलेले आमिष रोज एकाच जागी पाण्यात फेकीत असलो, तर मगरीला त्या जागेची चटक आपणच लावतो.

वर्षाचे चक्र

शेतीप्रमाणे मगरीच्या जीवनालाही ऋतुमान आहे. थंडीच्या अखेरीस त्यांचा समागमाचा काळ सुरू होतो. या दिवसांत नर आपली हद्द राखतात आणि एरवीपेक्षा तापट असतात. साधारणपणे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी पाण्यापासून थोड्या उंचीवर, मऊ मातीत किंवा वाळूत दीड-दोन फुटांचा खड्डा करून अंडी घालते. एका वेळी सामान्यतः २५ ते ३० अंडी असतात. सुमारे दोन महिन्यांनी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर पिल्ले बाहेर येतात. पिल्ले आतून आवाज देऊ लागली की मादी खड्डा उकरते आणि त्यांना जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते. पुढेही काही काळ ती त्यांच्याजवळ राहते. ज्या जबड्याची आपण धास्ती घेतो, त्यातच ती पिल्ले सुखरूप असतात. एरवी माणसाची चाहूल लागताच पाण्यात सरकणारी मादी या दिवसांत मात्र मागे हटेलच असे नाही.

म्हणजे मार्च ते जून हा काळ विशेष जपण्याचा आहे. याच महिन्यांत नदीचे पाणी आटते, मासे आणि मगरी डोहांत एकवटतात, मुलांना शाळेची सुटी असते आणि पिकांना पाणी देण्यासाठी शेतकऱ्याच्या नदीवरच्या खेपा वाढतात. पाऊस सुरू झाला की दुसरा धोका निर्माण होतो. गढूळ पाण्यात काहीच दिसत नाही. पुरात मगरी मूळ जागा सोडून ओढ्यांत, उसाच्या फडांत, विहिरींत आणि गावठाणाजवळही येतात. २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना पाणी कोठवर चढते हे सांगावयास नको. पूर ओसरल्यावर पहिल्या काही दिवसांत फडात किंवा विहिरीवर जाताना हातात लांब काठी असावी आणि पुढे पाहूनच पाऊल टाकावे.

जागेची निवड

गळासाठी जागा निवडताना मासा कोठे मिळेल याच्या आधी काठ कसा आहे, हे पाहावे.

काठ उंच व उघडा असावा. पाण्यापासून आठ-दहा फूट वर असलेला पक्का काठ सर्वांत बरा. मात्र तो खालून पोखरलेला नाही, याची खात्री करावी, कारण मगरीची बिळे अशाच दरडीत असतात. शिवाय पोकळ दरड माणसाच्या भाराने ढासळण्याचे भय असते. उतरती वाळू, गवताने झाकलेली कड आणि पाणवनस्पतींनी भरलेले उथळ पाणी या जागा वर्ज्य समजाव्यात.

बसण्यापूर्वी काठाची पाहणी करावी. ओल्या मातीवर पोट घासत गेल्याची गुळगुळीत घसरण, दोन्ही बाजूंस पंजांचे ठसे आणि मधोमध शेपटीची रेघ ही मगरीच्या वाटेची खूण होय. अशी खूण दिसल्यास जागा सोडावी. गुराखी, नावाडी आणि मच्छीमार यांना विचारून घ्यावे. नदीचे दैनंदिन वर्तमान त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

समोरच्या वाळूवर मगर पडलेली दिसत असेल तर ती कोठे आहे, हे निदान आपल्याला कळते. तिने जागा सोडली आणि पुन्हा दिसली नाही, तर मात्र गळ गुंडाळून उठावे. आमच्या तात्यांनी हेच ओळखले होते.

गळ टाकताना पाळावयाचे नियम

१. पाण्याच्या कडेपासून निदान ५ मीटर, म्हणजे सुमारे १६ फूट दूर बसावे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात याहून कितीतरी भयंकर अशा खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. तेथील शासन हौशी मासेमारांना हेच अंतर राखण्यास सांगते. दूर बसावयाचे तर काठी लांब हवी आणि दोराही भरपूर हवा. चक्रीची काठी असल्यास उत्तमच. साधी बांबूची काठी असल्यास ती काठावर रोवलेल्या बेचक्यात टेकवून आपण मागे बसावे.

२. पाण्यात उतरून मासे पकडू नयेत. गुडघाभर पाणीही या बाबतीत खोलच समजावे.

३. गळ अडकल्यास दोन-तीन बाजूंनी ओढून पाहावा. न सुटल्यास दोरा तोडावा. कमरेला एक चाकू यासाठी सदैव असावा.

४. मासा लागल्यावर तो काठाशी धडपडू लागतो, तेव्हा उत्साहाच्या भरात आपण पुढे धावतो. हा सर्वांत घातक क्षण होय. मासा मागे सरकत सरकत उंचावर ओढून घ्यावा. लांब दांड्याची जाळी जवळ ठेवावी.

५. पकडलेले मासे पाण्यात बांधून ठेवू नयेत. ओल्या गोणपाटात गुंडाळून किंवा बादलीत घालून ते आपल्या मागच्या बाजूस सावलीत ठेवावेत.

६. मासे नदीवर साफ करू नयेत, घरी करावेत. आतडी व खवले खताच्या खड्ड्यात मातीआड करावीत, त्यांचे खत उत्तम होते. उरलेले आमिषही परत न्यावे.

७. पहाटे आणि तिन्हीसांजेला मासा चांगला लागतो हे खरे. परंतु त्या वेळी व रात्री मगरही अधिक हिंडते. लख्ख उजेड पडल्यावर बसावे आणि दिवस मावळण्याच्या आधी उठावे. दोन मासे कमी मिळतील, ते सोसावे.

८. एकट्याने जाऊ नये. दोघांपैकी एकाची नजर नेहमी पाण्यावर असावी. भ्रमणध्वनीत मान घालून बसणारा सोबती सोबत नसल्यासारखाच.

९. मद्यपान करून नदीवर कदापि जाऊ नये.

१०. लहान मुलांना आणि कुत्र्यांना पाण्याच्या कडेला फिरकू देऊ नये. कुत्र्याची मगरीला विशेष ओढ असते.

११. रोज त्याच जागी बसू नये. आठवड्यातून दोनदा जात असाल तर दोन निरनिराळ्या जागा धराव्यात.

१२. होडीत बसून गळ टाकणाऱ्यांनी हातपाय काठाबाहेर सोडू नयेत आणि इनरवर किंवा भोपळ्यावर तरंगून मासेमारी करू नये.

आमिषासंबंधी दोन शब्द. रोहू, कटला, मृगळ यांना शेंगदाण्याची पेंड, कणीक आणि तांदळाचा कोंडा यांची मळून केलेली घट्ट गोळी आवडते. वामेला गांडूळ चालते. मरळ जिवंत किंवा ताज्या आमिषावर येते. पेंड-कणकेच्या गोळीने पाण्यात रक्ताचा वास पसरत नाही, म्हणून मगरींच्या पट्ट्यात तीच वापरणे अधिक शहाणपणाचे. ज्या जलाशयात मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे आहे, तेथे संस्थेची परवानगी घेतल्यावाचून गळ टाकू नये.

मोटारपंप आणि पाणवठा

गळ टाकणे हौसेचे आहे, पंपाची देखभाल मात्र चुकत नाही. फूटव्हॉल्व्हला गाळ किंवा पालापाचोळा अडकला की शेतकरी एकटाच, तेही विजेच्या वेळापत्रकानुसार अवेळी, छातीभर पाण्यात उतरतो. यात मोठा धोका आहे. फूटव्हॉल्व्हला साखळी किंवा बळकट दोर बांधून तो काठावरून कप्पीच्या साहाय्याने वर घेता येईल, अशी व्यवस्था एकदाच करून घ्यावी. तिचा खर्च फार नाही. पाण्यात उतरणे अपरिहार्यच असेल तर दिवसाउजेडी उतरावे. आधी लांब बांबूने सभोवारचे पाणी ढवळून घ्यावे आणि काठावर दोन माणसे काठ्या घेऊन उभी ठेवावीत.

धुणे, अंघोळ आणि जनावरे धुणे यांसाठी श्रीलंकेत व ओडिशात एक साधा उपाय आढळतो. नदीच्या घाटापुढे पाण्यातच लाकडी खांबांचे किंवा लोखंडी जाळीचे मजबूत कुंपण घालून मगरीला आत येता येणार नाही, असा पाणवठा तयार करतात. आपल्या वर्दळीच्या घाटांवरही अशी सोय करणे ग्रामपंचायतींना अशक्य नाही. मात्र पूर ओसरल्यानंतर दर वर्षी कुंपण तपासले पाहिजे. फुटके कुंपण कुंपण नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर माणूस निर्धास्त होतो.

प्रसंग ओढवल्यास

काठावर मगर समोर आली तर तिच्या आणि पाण्याच्या मध्ये उभे राहू नये. पाण्यापासून दूर सरळ रेषेत निघून जावे. वाकडेतिकडे धावावे असा जो समज आहे, तो निराधार असून त्यात वेळ मात्र जातो.

मगरीने धरलेच तर धीर सोडू नये. तिचे डोळे आणि नाकपुड्या हे नाजूक भाग होत. हाताला मिळेल त्या वस्तूने तेथे सतत आघात करावेत. काठावरील लोकांनी पाण्यात उडी घेऊ नये. बांबू, वल्हे, दगड यांनी मगरीवर मारा करावा, मोठ्याने आरडाओरडा करावा आणि पकडलेल्या माणसाकडे दोर किंवा काठी फेकावी. मासेमारीच्या साहित्यात वीस-पंचवीस हातांचा दोर असावा तो यासाठीच.

माणूस सुटून आल्यावर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून रक्तस्राव थांबवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखम लहान दिसली तरी घरगुती उपचारांवर विसंबू नये. मगरीच्या तोंडातील जंतूंमुळे जखम चिघळण्याचा संभव असतो. म्हणून ती साबण व स्वच्छ पाण्याने धुऊन रुग्णालयात न्यावे आणि धनुर्वाताची लस घ्यावी. घटनेची वर्दी वनविभागास तत्काळ द्यावी. वन्यप्राण्यांच्या हल्ल्यासाठी शासनाकडून जे अर्थसाहाय्य मिळते, त्यासाठी ही वर्दी आणि वैद्यकीय दाखला आवश्यक असतो.

मगर मारून प्रश्न सुटेल काय ?

घरचे माणूस गेल्यावर गावात संताप उसळणे स्वाभाविक आहे. त्या दुःखापुढे उपदेश करणे कोणालाही जड जाते. तरीही विचार करावा लागतो. कातड्याच्या व्यापारापायी आणि नद्यांच्या बदलत्या अवस्थेमुळे देशातील मगरी एके काळी नष्ट होण्याच्या मार्गावर होत्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आणि १९७५ मध्ये केंद्र शासनाने मगर संवर्धनाचा प्रकल्प हाती घेतला. आजही मगरीला मारणे, पकडणे किंवा तिची अंडी काढणे हा ३ ते ७ वर्षांच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे.

मगरींमुळे नदीतील मासे संपले, अशी तक्रार ऐकू येते. २०२३ च्या मार्च महिन्यात सांगलीजवळ कृष्णेत असंख्य मासे मरून तरंगले, ते मगरीने मारलेले नव्हते. ते दूषित पाण्याने मेले. विष घालून, सुरुंग लावून किंवा विजेचा धक्का देऊन मासे मारणारी माणसे आणि नदीचा वाळूउपसा यांनी मासळीची जी हानी केली आहे, तिच्याशी मगरीच्या आहाराची तुलना होणार नाही. मगर मेलेली जनावरे आणि दुबळे, रोगट मासे खाते व पाणी स्वच्छ राखण्यास हातभार लावते. गोव्यातील काही खाजण गावांत पौष अमावास्येस शेतकरी चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. या विधीस मानगेथापणी म्हणतात. पाण्याकाठी शेती करावयाची तर पाण्यातल्या या शेजाऱ्याची आठवण ठेवली पाहिजे, हे त्या शेतकऱ्यांनी फार पूर्वीच ओळखले. पाण्यात राहून माशांशी वैर करू नये अशी आपल्याकडे म्हण आहे. आणि 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ' असे म्हणत फाजील सलगी करू नये, हेही आपल्या पूर्वजांनीच सांगून ठेवले आहे. छायाचित्रासाठी मगरीच्या जवळ जाणाऱ्या तरुणांनी ही दुसरी म्हण विशेष लक्षात घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

पहिले काम गावाचा नदीनकाशा करण्याचे. शाळेच्या भिंतीवर किंवा चावडीत नदीचे वळण काढून घाट, पंपाच्या जागा, डोह आणि मगर दिसलेल्या जागा खुणांनी दाखवाव्यात. दर महिन्याला मच्छीमार व गुराखी यांना विचारून तो दुरुस्त करावा. दुसरे, धोक्याच्या जागी मोठ्या अक्षरांत पाट्या लावून घ्याव्यात आणि वाचता न येणाऱ्यांसाठी त्यांवर चित्र काढावे. तिसरे, मेलेली जनावरे, कोंबड्यांची घाण आणि मासळीचे अवशेष नदीत टाकण्याची प्रथा ग्रामसभेत ठराव करून बंद पाडावी. एवढ्यानेही घाटाजवळ येणाऱ्या मगरींचे प्रमाण कमी होण्यास साहाय्य होते. चौथे, उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वी शाळेत एक तास या विषयासाठी मागून घ्यावा. पाचवे, विहिरीत, फडात किंवा ओढ्यात मगर आढळल्यास गर्दी होऊ न देता वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. दोर टाकून, काठीने डिवचून मगर पकडण्याचे धाडस कोणासही करू देऊ नये.

ज्यांच्या शेतात पाचटाचे प्रात्यक्षिक झाले होते, त्या तात्यांकडे मी अजूनही जातो. काम झाले की आम्ही गळ घेऊन नदीवर जातो. आता बसण्याची जागा उंच दरडीवर आहे, काठ्या लांब आहेत आणि मासे मागच्या बादलीत असतात. गेल्या खेपेस माझा गळ पुन्हा अडकला. मी चाकू काढून दोरा तोडला, तेव्हा तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आपल्या पिशवीतून दुसरा गळ काढून माझ्या हातावर ठेवला. दिवस मावळण्यापूर्वी आम्ही उठलो, तेव्हा बादलीत दोनच मासे होते. शेतकरी बंधूंनो, आपणही अवश्य गळ टाका आणि नदीचा आनंद घ्या. मात्र जाताना जितके जण गेलात, तितकेच जण परत या.